घोडे नेमके कुठे पेंड खाते?

घोडा आपल्या घरातून गेला, पण भाषेतून काही गेला नाही. वाड्याच्या पागा मोडल्या, मोतद्दार आणि खरारे नाहीसे झाले, टांगेही रस्त्यांवरून उठले. तरी काम अडले की आपण अजून विचारतो, ‘घोडे कुठे पेंड खाते आहे?’ भरमसाट भरती झाली की ती खोगीरभरती होते, उशिरा सुचलेले शहाणपण वरातीमागून घोडे ठरते, आणि परीक्षेची वेळ आली की घोडामैदान जवळ येते. ज्यांच्या खापरपणजोबांनी घोड्याच्या पाठीवर बसून चंबळ आणि नर्मदा ओलांडली, त्या कुटुंबांच्या बोलण्यात घोडा असा मुरलेला असावा, ह्यात नवल नाही. नवल एवढेच, की म्हणीतला घोडा आपणांस जितका ठाऊक आहे, तितका खरा घोडा ठाऊक नाही. तो धापा का टाकतो, चालता चालता अडतो का, खोकतो का, ह्याचे उत्तर आपण फार दिवस त्याच्या स्वभावात शोधले. ‘आळशी आहे’, ‘अडेलतट्टू आहे’, ‘म्हातारा झाला’ असे म्हणून चाबूक उचलणे सोपे होते. ते उत्तर स्वभावात नसून पुष्कळदा त्याच्या घशात असते, ही गोष्ट डोळ्यांनी पाहण्याची सोय गेल्या अर्धशतकातली आहे.

भोपाळात घोडे अगदीच उरले नाहीत असे मात्र नाही. लाल परेड मैदानावर २६ जानेवारीला पोलिसांचे अश्वदल दिमाखाने जाते. शहराबाहेर बिशनखेडीला राज्याची घोडेस्वारीची अकादमी आहे. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या चौघा स्वारांनी ड्रेसाज ह्या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या चौघांत आपल्या इंदूरची सुदीप्ती हजेला होती, आणि घोडेस्वारीतले असे सुवर्ण देशाला ४१ वर्षांनी मिळाले. हे झाले मानाचे घोडे. त्यांच्याखेरीज एक तिसरा वर्ग आहे, तो आपल्या रोजच्या ओळखीचा. लग्नसराईत नेहरू नगरच्या रस्त्यांवरून बँडच्या मागे, झुलींनी आणि आरशांनी मढविलेली, पाठीवर नवरदेव घेतलेली घोडी चालते, तिचा हा वर्ग. तिच्या एका बाजूला विजेच्या जनित्राचा धूर, दुसऱ्या बाजूला फटाक्यांचा धूर, आणि दाणावैरण बहुधा गव्हाच्या धुळकट भुशाची. मालकाचे घर तिच्या चार महिन्यांच्या कमाईवर चालते. अशी घोडी मोसमाच्या मध्यावर खोकू लागली किंवा चढणीवर अडू लागली, तर तोटा दोघांचाही असतो: मालकाच्या पोटाचा आणि तिच्या जिवाचा.

मराठ्यांना घोड्याच्या दमाची किंमत निराळी सांगावयास नको. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाने निजामाला ह्याच भोपाळात कोंडले आणि जानेवारी १७३८ मध्ये येथून जवळच दोराहा सराईला तह करावयास लावला. त्या मोहिमेचे मर्म तोफांत नव्हते, ते घोड्यांच्या पल्ल्यात होते. दख्खनी तट्टे उंचीने लहान, दिसावयास साधी, पण चिवट. त्या काळच्या घोड्यांचे आयुष्य बहुतेक उघड्यावर जाई. रात्री आकाशाखाली बांधलेले, दिवसा मिळेल ते ओले-सुके चरलेले. आजच्या पशुवैद्यकाचे दोन सिद्धांत येथे आठवतात. एक असा, की उंच घोड्यांना होणारा घशाचा एक विशिष्ट विकार लहान चणीच्या तट्टांत क्वचित आढळतो. दुसरा असा, की बंद तबेल्यातली धूळ हीच घोड्याच्या दम्याची मोठी जननी होय. आपल्या शिलेदारांना हे सिद्धांत ठाऊक नव्हते. त्यांच्या गरजेने मात्र घोड्यांना त्या दोन्ही दुखण्यांपासून बरेचसे दूर ठेवले असावे, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

अश्ववैद्यक आपल्याकडे जुने आहे. शालिहोत्राचे नाव तर घोड्यांच्या विद्येलाच मिळाले. महाभारतात अज्ञातवासात नकुल विराटाच्या पागेत ग्रंथिक हे नाव घेऊन राहतो, आणि त्याच्याच नावावर एक अश्वशास्त्रही आहे. मराठी राजांनी जोपासलेल्या तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने ते १९५२ साली छापून प्रसिद्ध केले. ह्या विद्येत घोड्याची लक्षणे, भोवरे, चाल, दात, आहार, औषधे ह्यांचा बारकाईने विचार आहे. परंतु जुना वैद्य भारतीय असो की युरोपी, त्याची एक अडचण समान होती. त्याला बाहेरून ऐकता येई, आत पाहता येत नसे. नाकपुडीशी कान नेऊन तो श्वास ऐके, पोटाची भाते मोजी, घशावर बोटे दाबून खोकला काढी. विलायतेतले घोड्यांचे व्यापारी घोड्याला भिंतीशी उभा करीत, काठी उगारून दचकवीत आणि तो कण्हल्यासारखा आवाज काढतो की काय, हे पाहून त्याच्या गळ्याची परीक्षा करीत. एवढ्यावर सौदे ठरत आणि मोडत.

ही अडचण समजण्यासाठी घोड्याचा श्वास कसा चालतो हे थोडे पाहिले पाहिजे. माणूस नाक चोंदले तर तोंडाने श्वास घेतो. घोड्याला ते साधत नाही. त्याची पडजीभेकडची मऊ टाळू लांब असते आणि स्वरयंत्राच्या बुडाशी अशी घट्ट बसते, की तोंडाची वाट आणि श्वासाची वाट अगदी वेगळ्या पडतात. म्हणून घोड्याला जगावयाचे ते केवळ नाकाने. उभा असताना तो मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो, आणि प्रत्येक वेळी सुमारे ५ लिटर हवा आत जाते. भरधाव सुटला की प्रत्येक झेपेबरोबर एक श्वास, असा त्याचा ताल जुळतो. पाय जमिनीवर आदळताना श्वास बाहेर, झेप घेताना आत. मिनिटाला १२० हून अधिक श्वास होतात आणि दीड हजार लिटरांहून अधिक हवा त्या एका नळीतून ये-जा करते. अशा वाटेवर बोटभर मांस आडवे आले, तरी परिणाम बोटभर राहत नाही. वाट अरुंद झाली की अडथळा कित्येक पटींनी वाढतो. उभ्या घोड्यात जे दुखणे दिसतही नाही, ते धावत्या घोड्याचा गळा आवळते.

आता आत पाहण्याची गोष्ट. माणसाचा जिवंत गळा आरशाने प्रथम नीट पाहिला तो कोणा डॉक्टराने नव्हे, एका गायनशिक्षकाने. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गवई १८५४ साली पॅरिसमध्ये असताना दंतवैद्याचा लहानसा आरसा आणि सूर्याचा कवडसा घेऊन स्वतःच्या स्वरतंतूंकडे पाहत बसला आणि त्याला ते हलताना दिसले. ग्वाल्हेरच्या गायकीवर वाढलेल्या आपल्या वाचकांस ह्या गोष्टीचे कौतुक वाटेल. पण घोड्यापुढे गार्सियाचा आरसा निरुपयोगी होता, कारण तोंडातून त्याचे स्वरयंत्र दिसतच नाही. जावयाचे ते नाकातूनच, आणि नाकाची वाट लांब आणि वळणाची. १९ व्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या पशुवैद्यांनी सरळ, ताठ नळीने हा प्रयत्न करून पाहिला. ताठ नळीला वळणापुढचे दिसणार किती?

ह्या कोड्याची उकल करण्यात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स ह्यांनी लंडनमध्ये काचेच्या केसासारख्या तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र वाकड्या वाटेने नेऊन दाखविले. त्यांचा निबंध १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ ह्या नियतकालिकात आला. प्रकाश काचेच्या तंतूत शिरला की आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो, तंतू वाकला तरी वाट सोडत नाही. १९५७ साली अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ ह्यांनी ह्याच तत्त्वावर माणसाचे जठर पाहण्याची लवचीक दुर्बीण वापरली. १९७० नंतर ती पशुवैद्यांच्या हाती आली, आणि १९८० च्या दशकात तिच्या टोकाशीच इवलासा कॅमेरा बसून चित्र पडद्यावर दिसू लागले. एंडोस्कोपी असे तिचे शास्त्रीय नाव असले, तरी आपल्याकडे सारे तिला दुर्बिणीची तपासणी म्हणतात, आणि तेच नाव बरे.

घोड्याची ही तपासणी दिसते तितकी भयंकर नसते. घोड्याला खोड्यात उभा करतात, एकजण डोके धरतो, जरूर पडली तर वरच्या ओठाला दोरीचा फास देऊन त्याचे लक्ष तिकडे गुंतवितात. करंगळीएवढ्या जाडीची, मीटरभर किंवा अधिक लांबीची काळी नळी नाकपुडीतून, खालच्या बाजूच्या वाटेने हळूहळू आत जाते. ती वर चढली तर तेथल्या नाजूक पडद्यांतून रक्त येते, म्हणून वैद्याच्या हाताची कसोटी येथे लागते. गळ्याची हालचाल पाहावयाची असेल, तर शक्यतो गुंगीचे औषध देत नाहीत. कारण गुंगीत स्नायू सैल पडतात आणि निरोगी घोडाही रोगी दिसू शकतो. वैद्य घोड्याला घोट घ्यावयास लावतो, क्षणभर नाकपुड्या दाबून धरतो, म्हणजे घोडा जोराने श्वास ओढतो आणि गळ्याची दारे पूर्ण उघडतात की नाही ते दिसते.

ही दारे हेच पहिले पाहावयाचे ठिकाण. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना कूर्चेचे एकेक कवाड असते. श्वास घेताना दोन्ही उघडली पाहिजेत. काही घोड्यांत डावे कवाड लुळे पडते. नेहमी डावेच का, ह्याचे कारण मोठे मजेचे आहे. त्या कवाडाला हलविणारा मज्जातंतू मेंदूकडून सरळ गळ्यात येत नाही. तो छातीत उतरतो, हृदयाजवळच्या महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर गळ्यात येतो. उजव्या बाजूचा वळसा आखूड आहे. उंच, लांब मानेच्या घोड्यात डाव्या तंतूचा हा प्रवास फारच लांबतो आणि तो तंतू हळूहळू झिजतो. मग घोडा धावताना श्वास आत घेतेवेळी शिटीसारखा, पुढे डरकाळीसारखा आवाज निघतो. १९७० साली अमेरिकेतील शल्यविशारदांनी लुळे कवाड टाक्याने बाजूला बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. ती सुधारून आजही करतात. दुर्बिणीवाचून हा रोग ओळखला तरी त्याची पायरी ठरविता येत नसे. आता चार पायऱ्या लावून शस्त्रक्रिया हवी की नको हे सांगता येते.

दुसरे ठिकाण मऊ टाळू. धावता धावता ती जागा सोडून स्वरयंत्राच्या वर चढते आणि श्वास सोडताना घरघर होते. घोडा एकाएकी असा मंदावतो, जणू कोणी लगाम खेचला. तिसरे ठिकाण घोड्याच्या जातीचेच वैशिष्ट्य. कानापासून घशाकडे जाणाऱ्या नळीला दोन्ही बाजूंना हवेच्या पिशव्या असतात, प्रत्येकीत चहाच्या पाच-सहा पेल्यांइतकी हवा मावते. शिंगरांना घशाखाली गाठी येऊन ताप येण्याचा एक सांसर्गिक रोग आहे. त्याचा पू ह्या पिशव्यांत साठून राहतो. घोडा बरा झालेला दिसतो, आणि तो महिनोन्महिने पागेतल्या दुसऱ्यांना रोग देत असतो. ह्या पिशवीच्या भिंतीतून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जाते. तेथे बुरशी वाढली, तर एके दिवशी नाकातून रक्ताचा लोट येऊन घोडा कोसळतो. आधी आलेले चार थेंब ज्याने दुर्बिणीने तपासून घेतले, त्याचाच घोडा वाचण्याची आशा.

नाकातले रक्त म्हणजे ‘उष्णता’ अशी आपली जुनी समजूत. धावण्याच्या घोड्यांत हे रक्त बहुधा नाकाचे नसतेच, ते फुप्फुसांचे असते, हे दुर्बिणीनेच सिद्ध केले. भरधाव धावताना फुप्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर इतका दाब येतो, की त्या फुटतात. दौडीनंतर अर्धा ते दीड तासाच्या आत श्वासनलिका पाहिली तर तिच्यात रक्ताची रेघ दिसते. मेलबर्नच्या शर्यतींतील ७४४ घोड्यांची अशी पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक घोड्यांत रक्त आढळले, पण नाकपुडीपर्यंत ते फारच थोड्यांच्या आले होते. ज्यांच्यात रक्त नव्हते किंवा नाममात्र होते, ते घोडे जिंकण्याचा संभव इतरांच्या चौपट निघाला. म्हणजे जे घोडे ‘मनापासून धावत नाहीत’ म्हणून बोल खात होते, त्यांतले काही आतून रक्ताळत होते.

आणि चौथे ठिकाण श्वासनलिकेचा तळ, जेथे आपल्या वरातीच्या घोडीचे दुखणे सापडते. कुजकट गवत, बुरसलेला भुसा, न झाडलेला बंद तबेला ह्यांतली सूक्ष्म धूळ फुप्फुसांत जाऊन दमा जडतो. नळीत चिकट कफाचे धागे, डबकी दिसतात. वैद्य दुर्बिणीतूनच किंवा निराळ्या नळीने मिठाचे निर्जंतुक पाणी फुप्फुसाच्या एका भागात सोडून परत ओढून घेतो आणि त्यातल्या पेशी मोजतो. दाह दाखविणाऱ्या पांढऱ्या पेशी चतुर्थांशाहून अधिक निघाल्या तर दमा बळावला म्हणून समजावे. जुन्या दमेकरी घोड्याला श्वास सोडण्यासाठी पोट आवळावे लागते, इतके की बरगड्यांच्या कडेने पोटावर तिरकी खाच पडते. ही खाच पाहावयास मात्र दुर्बीण लागत नाही, डोळे लागतात.

दुर्बिणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उभ्या घोड्याचा गळा निरोगी दिसला म्हणजे धावत्या घोड्याचा निरोगी असेलच असे नाही. म्हणून प्रथम फिरत्या पट्ट्यावर घोडा धाववून तपासणी सुरू झाली, आणि २००८ च्या सुमारास लगामाला आणि खोगिराला बांधून मैदानातच धावताना चित्र पाठविणारी यंत्रे निघाली. ही यंत्रे महाग आणि विरळा. शिवाय प्रत्येक खोकल्याला दुर्बीण घालणे शहाणपणाचे नव्हे. नाकातून चिकट पिवळा स्राव, नाकात व्रण, अंगावर गाठी असे असेल तर ग्लँडर्सचा संशय आधी फेडावा लागतो. हा रोग माणसालाही होतो आणि प्राणघातक ठरू शकतो. त्याचा निर्णय दुर्बिणीने होत नाही, रक्ताच्या तपासणीने होतो. हिसार येथे १९८५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने ह्या कामी देशात मोठे काम केले आहे. अशा घोड्याची वर्दी सरकारी पशुवैद्याला देणे हे २००९ च्या कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे. मालक ती देण्यास भितो, कारण रोग ठरला तर घोडा मारावा लागतो. ती भीती खरी आहे. पण लपविलेला घोडा मालकाच्या मुलाबाळांसह सगळ्या पागेला धोक्यात घालतो, हेही तितकेच खरे.

मग ज्याच्यापाशी दुर्बीण नाही आणि तिला पैसाही नाही, त्याने काय करावे? सुदैवाने दुर्बिणीने शिकविलेले पुष्कळसे धडे फुकट पाळता येतात. भुसा आणि वाळके गवत पाण्यात भिजवून घालावे, नुसते शिंपडून नव्हे. दाणावैरण उंच टांगण्यापेक्षा जमिनीलगत ठेवावी, म्हणजे डोके खाली राहून कफ आपोआप वाहून जातो. तबेला झाडताना घोडा बाहेर काढावा. ताप येऊन गेलेल्या घोड्याला ताप उतरल्या उतरल्या वरातीला जुंपू नये. फुप्फुसे भरून निघावयास दिवस लागतात. नवा घोडा आणला तर दोन-तीन आठवडे निराळा बांधावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, एकाच नाकपुडीतून स्राव येऊ लागला, रक्त दिसले, किंवा चालताना नवा आवाज ऐकू आला, तर मात्र जाणत्याकडे नेलेच पाहिजे. आपल्या माळव्यात महू येथे १९५५ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मुंबईत परळचे त्याहून जुने, १८८६ चे. तेथवर जाणे जमले नाही, तरी जवळच्या सरकारी पशुवैद्याला नेमके काय केव्हा दिसले ते सांगणे हीच अर्धी तपासणी होय.

ह्यात आपणा घोडे नसलेल्या गृहस्थांचाही वाटा आहे. घोडी आपल्या दारी येते ती आपल्याच मुलाच्या लग्नात. जनित्र तिच्या नाकाशी न ठेवता मागे ठेवावे, फटाके तिच्या पुढ्यात लावू नयेत, आणि चढावर थांबली तर दोन मिनिटे थांबू द्यावे, एवढे सांगण्यास वधूवरांकडच्या वडीलधाऱ्यांना कोणाची परवानगी लागत नाही. ज्या शहराने १९८४ च्या डिसेंबरातली ती रात्र पाहिली, जिच्यात माणसांबरोबर मुकी जनावरेही गुदमरून गेली, त्या शहराला श्वासाचे मोल निराळे शिकवावयास नको.

घोडे कुठे पेंड खाते, हा प्रश्न आपण पिढ्यान्‌पिढ्या विचारीत आलो, आणि उत्तर मिळण्याआधीच चाबूक ओढीत आलो. दुर्बिणीने एवढेच केले, की चाबकाच्या आधी पाहण्याची सवय लावली. पाहिल्यावर पुष्कळदा असे निघते, की घोडे पेंड खात नव्हते; त्याला श्वासच पुरत नव्हता.